पनवेलचा पाम नागपूरला आणताना

नागपूर,
12 एप्रिल

प्रिय अवी,

पत्र मिळालं. मे महिन्यात रिटायर होऊन बिऱ्हाड इकडे हलवतोस, हे वाचून लय बरं वाटलं. पण खाली ताजा कलम होता, "वहिनीचा अरेका पाम पण सामानाच्या ट्रकमध्येच घालतो." अबे, पाम आण, पण मे महिन्यात नको. तुम्ही दोघं या, सोफा-फ्रीज येऊ द्या. कुंडी जुलैपर्यंत पोरीकडे पनवेललाच राहू दे. नुसतं 'नको' म्हटलं की तू हटकून तेच करतोस, म्हणून कारणासकट लिहितो.

हे झाड मूळचं मादागास्करचं, तेही पूर्वेकडच्या पावसाळी पट्ट्यातलं. पनवेलच्या दमट हवेत ते माहेरी असल्यासारखं वाढलं, त्यात तुमचं कर्तृत्व बेताचंच. वहिनीला हे वाक्य वाचून दाखवू नको. इथली मेमधली दुपार तू विसरला असशील तर सांगतो, 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 वर गेला होता. दरवर्षी तितका जात नाही, पण 45 चं कोणाला नवल वाटत नाही. पामला खरा त्रास आकड्याचा नाही, कोरड्या हवेचा. सावलीत, घरात ठेवला तरी पानातून पाणी उडून जातं आणि मुळं तितक्या वेगानं ते वर चढवू शकत नाहीत. पातीचं टोक सगळ्यात लांब, म्हणून आधी तेच करपतं.

आणि मग घरोघरी एकच प्रकार होतो. टोक तपकिरी दिसलं की माणूस तांब्या घेऊन धावतो. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, बशीत साचलेलं तसंच. माती चिखल राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती सडतात. सडलेली मुळं पाणी ओढत नाहीत, म्हणून टोकं आणखी वाळतात, म्हणून आणखी पाणी. कुंडीत तळं आणि झाड तहानलेलं! माझ्या पाहण्यात इथले पाम उन्हानं कमी आणि मायेनं जास्त मेलेत. मातीत बोट घाल. वरचं पेरभर कोरडं लागलं तरच पाणी दे, तेही खालच्या भोकातून वाहीपर्यंत, आणि बशी ओतून टाक. उन्हाळ्यात बहुधा एक दिवसाआड लागेल, थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं. वार बांधून घेऊ नको, बोटाचं ऐक.

हॉलमध्ये एसी लावणार आहेस असं लिहिलंस. एसी हवेतला ओलावा काढून घेतो. त्यापेक्षा आपली कूलरची खोली पामला मानवते, फक्त झोत थेट अंगावर नको; कोपऱ्यात, खिडकीच्या उजेडात. एक मात्र कटाक्षानं पाळ. सीझनमध्ये कूलरची टाकी रिकामी करताना ते पाणी कुंडीत ओतायचा मोह होतो. 'वाया काऊन घालवा?' असं कामवाली बाईसुद्धा म्हणेल. टाकीतलं पाणी उडून जातं पण क्षार मागे राहतात, म्हणून ते दिवसागणिक खारट होत जातं. कूलरच्या गवतावर जो पांढरा कडक थर चढतो, नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो, तेच क्षार. हाच थर कुंडीच्या काठावर दिसला की समज, मुळांना मीठ चाललंय. अरेकाला ते अजिबात सोसत नाही. बोअरचं जड पाणीही शक्यतो नको. नळाचं भरून ठेव आणि दे. पावसाळ्यात ढगाळ दिवस बघून कुंडी तासभर पावसात ठेवायची, साठलेलं मीठ धुऊन निघतं. ढग हटायच्या आत उचलायची मात्र. घरातल्या पानाला गच्चीवरचं ऊन सोसत नाही, एका दुपारीत पातीच्या मधोमध पांढुरके चट्टे पडतात.

चट्ट्यांवरूनच दुखणं ओळखता येतं. नुसती टोकं करपली असतील तर कोरडी हवा नाहीतर क्षार. मधोमध भाजल्यासारखं असेल तर ऊन. सगळ्यात खालच्या, जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके असतील तर बहुतेक पोटॅश कमी पडतंय, आणि तिथे लोक कात्री घेऊन बसतात. ते पान दिसायला वाईट, पण झाड त्यातलाच पोटॅश काढून नव्या पानाला पुरवत असतं. ते कापलं की झाड त्याच्या वरच्या पानाला हात घालतं. पुरतं वाळू दे, मग काप. करपलेलं टोक कधीच हिरवं होणार नाही, त्याच्याकडे बघून झुरू नको. मधून निघणारी बंद सुरळी बघ. ती ताठ, हिरवी असेल तर झाड ठणठणीत आहे. हलक्या हातानं ओढल्यावर सुरळी निघून आली आणि बुडाला काळपट, कुबट वास असेल तर तो कोंब गेला. अरेकाचे कोंब अनेक असतात म्हणून बाकीचे जगतात. पण ज्याचा शेंडा गेला त्याला बाजूनं फुटवा येत नाही. पाम उंच झाला म्हणून वरून छाटायची कल्पना तुझ्या डोक्यात येऊ नये म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

उन्हाळ्यात लाल कोळीही लागतो, संत्र्याच्या बागेत लागतो तसाच. पान मळकट, बारीक ठिपक्याठिपक्यांचं दिसलं की खाली पांढरा कागद धरून झटक. ठिपके चालायला लागले तर कोळीच. पानांची खालची बाजू ओल्या फडक्यानं पुसत राहिलं तर तो बस्तान बांधत नाही. वाढला तर लिटरभर पाण्यात पाच मिलि नीम तेल आणि साबणाचे दोन थेंब, संध्याकाळी फवार.

वहिनीचं म्हणणं की पाममुळे घराची हवा शुद्ध होते. नासाचा 1989 चा अभ्यास त्यामागे आहे, पण तो बंद पेटीत केलेला. 2019 मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात निघालं की दारं-खिडक्यांतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायला एका चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. तेवढी ठेवली तर तुला झोपायला गॅलरी उरेल. पाम छान दिसतो, एवढं कारण मला पुरेसं आहे.

मातीचं राहिलंच. इथली काळी माती कुंडीत अजिबात नको. वाळली की आकसते, कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि आतला गोळा कोरडाच. आपल्याला वाटतं, पाणी पोचलं. लाल माती, गांडूळखत, कोकोपीट आणि कन्हानची जाड रेती असं मिश्रण मी तयार ठेवतो. पण आल्या आल्या कुंडी बदलायची नाही. प्रवासाचा धक्का पुरे असतो, महिनाभर तसाच राहू दे. खालची एक-दोन पानं गळतील, घाबरू नको.

जुलैत समृद्धीवरून आणायचा तर बंद गाडीच बघ. सातशे किलोमीटर उघड्या वाऱ्यात पात्यांच्या चिंध्या होतील. आदल्या दिवशी पाणी देऊ नको, पानं वरच्या दिशेनं सैल गोळा करून वहिनीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळ, कुंडी उभीच राहील अशी गाद्यांमध्ये चेप. पोट्ट्यांना सांग, आडवी टाकली तर मजुरी कापीन.

तिथून निघण्याची तारीख नक्की झाली की कळव. तुझ्या फ्लॅटची पूर्वेची गॅलरी किती उजेडाची आहे ते मी या रविवारी जाऊन बघून येतो. चावी शेजारच्या काकूंकडेच आहे ना?

वहिनीला नमस्कार, पोरीला आशीर्वाद.

तुझाच,
दिल्या