जंगलात मुक्काम करा, पण खरकटं आवरा

संपादक महोदय, स. न.

गेल्या रविवारी आपल्या खानापूर तालुक्यात जांबोटीहून कणकुंबीला जाताना रस्त्याच्या कडेला बघितलं, रात्री कुणीतरी मुक्काम करून गेलेलं, तीन दगडांची चूल अजून धुमसत होती आणि चिकनची हाडं, बिर्याणीचा भात, बाटल्या सगळं झुडपात ढकललेलं. हल्ली हे फार वाढलंय. टेम्पो ट्रॅव्हलरला आतून बेड बसवून घेतात, चोर्ला घाटातलं धुकं बघायला येतात आणि जागा दिसेल तिथं गाडी लावून झोपतात. झोपू देत की, माझी त्याला हरकत नाही, मी स्वतः असल्या गाडीत झोपून आलोय.

मागच्या जूनमध्ये मुलाकडं अमेरिकेला गेलो तेव्हा त्यानं आरव्ही भाड्यानं घेतली, चाकावरचं घरच ते, आत शेगडी, फ्रीज, संडास सगळं. यलोस्टोन या तिथल्या राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज म्हणून मुक्कामाची जागा आहे, तिथं ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळं तंबू ठोकूच देत नाहीत, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. आमच्या हिनं बेळगावहून नेलेला कुंद्याचा, म्हणजे आपल्या इथल्या मिठाईचा, डबा बाहेर फोल्डिंगच्या टेबलावर ठेवला आणि हात धुवायला आत गेली, तेवढ्यात तिथला कर्मचारी हजर! ओरडला नाही, पण डबा आत जाईपर्यंत जागचा हलला पण नाही. तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं, कुंद्यासाठी एवढं काय. मग मुलानं सांगितलं की पूर्वी तिथं उघड्या कचऱ्यावर अस्वलं जेवायची आणि लोक बाकावर बसून ती मजा बघायचे, 1970 च्या सुमारास ते उकिरडे बंद केले तर चटावलेली अस्वलं माणसांच्या मुक्कामावर यायला लागली आणि त्यात कितीतरी मारावी लागली. अस्वलाच्या 100 यार्ड, म्हणजे 90 मीटरच्या आत जायचं नाही हा पण नियम आहे. आपल्याकडं गवा दिसला की पहिला मोबाईल बाहेर.

आपलं भीमगड अभयारण्य 2011 साली झालं, आजूबाजूच्या जंगलात अस्वल, बिबट्या, गवा, कोळसुंदे सगळे आहेत. आपलं अस्वल वारूळ उकरून, जांभळं आणि फणस खाऊन जगतं, त्याला बिर्याणीची चटक लावली तर मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी गाडी काढून जाईल, पण पहाटे काजूच्या बागेत जाणारी खानापूरकडची बाई कुठं जाईल?

आणि संडासाच्या टाकीचं काय, हे कुणी बोलतच नाही. तिकडं टाकी रिकामी करायला वेगळी जागा असते. इथं पुढं खऱ्या आरव्ही यायला लागल्या तर ती घाण ओढ्यातच सोडणार, आणि कणकुंबीला तर मलप्रभेचा उगम आहे.

म्हणून वनखात्याला विनंती, सरसकट बंदी घालू नका, बंदी घातली तर लोक आणखी आत जाऊन लपून झोपतील. जांबोटी किंवा कणकुंबीत गावाला लागून एखादी जागा द्या, झाकण घट्ट बसणारे डबे, टाकीची सोय, रात्री जनरेटर बंद, आणि चार पैसे घेऊन ते गावातल्याच पोरांना सांभाळू दे. बोर्ड कन्नडबरोबर मराठीतही लावा, कारण इथं येणाऱ्या निम्म्या गाड्या कोल्हापूर-सांगलीच्या असतात आणि खरकटं टाकणारे आपलेच लोक आहेत, हे मी तिथल्या फरसाणच्या रिकाम्या पाकिटांवरून सांगतोय.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव