पुण्याला यायचंच आहे

ति. आई-बाबांस,
सा. न.

सोमवारी सकाळी गाडी पाठवतेय. तळमजल्यावरची खोली घेऊन झाली, आगाऊ भाडंही दिलं. त्यामुळे ‘गणपती होऊ देत, मग बघू’ हे आता नको. फोनवर बाबा गप्प होतात आणि आई रडते, म्हणून लिहून कळवतेय.

घर बंद करून यायचं तुमच्या जिवावर येणार, हे मला समजतं. पण पक्षाघातानंतर सगळ्यात भरभर सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच होते. नंतरही होते, पण सावकाश. तिकडे रोज व्यायाम घ्यायला येणारं कुणी नाही, इथं आहे. मी खूप विचार करून ठरवलंय. दादाशीही बोलले. वाड्याचा विषय यात कुठेही नाही, खरंच नाही.

बाबा, तुमचा हात निकामी झालेला नाही. स्नायू धड आहेत, त्यांना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशीही धड आहेत. म्हणून तर डॉक्टरांनी हातोडी मारल्यावर उजवा गुडघा डाव्यापेक्षा जोरात उडाला. अडलाय तो वरून येणारा हुकूम. मेंदूच्या डाव्या भागातून निघालेले तंतू खाली एका चिंचोळ्या जागेतून जातात, तिथंच रक्त पोचलं नाही. पुढे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो, तिथं 100 पैकी 85 ते 90 तंतू बाजू बदलतात. म्हणून इजा डावीकडे आणि हात उजवा. दरड पडून घाट बंद झाला तरी पलीकडचं गाव जागेवरच असतं. दुसरी वाट पाडावी लागते, आणि ती चालून चालूनच पडते.

आई, जांभई देताना बाबांचा हात आपसूक वर जातो, ते बघून तू म्हणालीस, ‘हे मनावरच घेत नाहीत.’ तसं नाही गं. जांभईचा हुकूम मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येतो, त्याची वाट निराळी. पेला उचलायचा तर हुकूम वरूनच यावा लागतो. बाबा जीव तोडून प्रयत्न करतात, कपाळावर घाम येतो. जवळ बसून बघ एकदा.

बाबा, झोपाळ्यावर बसून तुम्ही अडकित्त्यानं सुपारी कातरायचात. कागदासारखी पातळ कातरण पडायची आणि मी खोबऱ्याच्या तुकड्यासाठी ताटकळत असायचे. 1937 साली माँट्रियलच्या पेनफिल्ड नावाच्या सर्जननी जाग्या रुग्णांच्या मेंदूला हलका वीजप्रवाह लावून कुठली जागा काय हलवते ते नोंदवलं. अख्ख्या धडापेक्षा एकट्या हाताची जागा मोठी निघाली. त्यात अंगठ्याचा वाटाही मोठा. इतकी वर्षं एवढं बारीक काम केलेला हात आहे तुमचा. बोटं थोडी हलायला लागली आहेत, ही फार चांगली खूण आहे.

म्हणून आई, आता घास भरवायचा नाही. मायेनं भरवतेस, पण हात वापरला नाही की मेंदू त्याला विसरत जातो. अमेरिकेत चांगल्या हातावर मोजा चढवून दोन आठवडे दुखऱ्या हाताकडूनच कामं करून घेतली, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक पडला आणि वर्षभर टिकला. ती चाचणी 2006 साली प्रसिद्ध झाली. बाबांनाही तसं करायचं का, ते इथं तपासून सांगतील. सांडलं तर सांडू दे, मी पुसेन.

इथं कमोड आहे, बाथरूमला दांडा बसवून घेतलाय. बाबांची खाट खिडकीपाशी. पेपर सातला येतो. आई, देव घेऊन ये, पूर्वेकडचा कोनाडा रिकामा ठेवलाय. चहा तुझ्या हातचाच, मी मध्ये येणार नाही.

सोमवारपर्यंत एवढं सांभाळा. बाबांना उठवताना उजव्या दंडाला धरून ओढायचं नाही. खांदा ढिला आहे, सांधा निसटतो. मालीशवाल्याला येऊ नको म्हणून सांग. रक्तदाबाची गोळी बरं वाटलं तरी चुकवायची नाही. घरात सपाता नकोत, मागं पट्टा असलेल्या चपला घाला. स्कॅनची फिल्म डिक्कीत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. आणि किल्ली काकूंकडेच द्या, दुसऱ्या कुणाकडे नको.

तुमची,
बेबी