मानेचा काळेपणा आणि लांबलेली पाळी

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी सांगलीत पार्लर चालवते, डॉक्टर नाहीये हे आधीच सांगून टाकते. पण सतरा-अठराच्या पोरी हनुवटीचं थ्रेडिंग करायला येतात, मानेचा काळेपणा टॅन समजून ब्लीच करा म्हणतात, पिंपल्स हटत नाहीत, आणि बोलता बोलता विचारलं की कळतं पाळी दोन-दोन तीन-तीन महिने येतच नाही, आणि शेजारी बसलेली आई म्हणते, अहो अभ्यासाचं टेन्शन, लग्न झालं की होईल नीट!

नाही होत ना. हे पीसीओएस असू शकतं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हार्मोन्स आणि अंडाशयाचा त्रास (आपल्याकडे पीसीओडीच म्हणतात सगळे). जागतिक आरोग्य संघटना सांगते की मूल होण्याच्या वयातल्या 100 पैकी 10 ते 13 जणींना हे असतं आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला ते आहे हेच माहीत नसतं.

घरच्यांना एकच काळजी, मूल होईल ना? अहो होतं, औषधांनी बऱ्याच जणींना होतं. पण शुगरचं कोणी विचारत नाही! यात बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली शुगर आटोक्यात ठेवणारं हार्मोन, नीट लागू पडत नाही, मग शरीर जास्त बनवतं, त्याने अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतं, बीज सुटत नाही आणि पाळी लांबते. मानेवरचा तो काळपट मखमली पट्टा बऱ्याचदा ह्या इन्सुलिनमुळेच असतो, बेसन-लिंबू घासून तो कसा जाणार, आणि मी ब्लीच केलं तरी नाही जाणार. पुढे कमी वयात डायबिटीस, बीपी, गरोदरपणात शुगर, आणि वर्षानुवर्षं पाळी चुकत राहिली तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जाऊन तिथल्या कॅन्सरचा धोका. डिप्रेशन पण येतं, त्याला मात्र घरात नाटकं म्हणतात.

आणि हे फक्त जाड मुलींनाच होतं असं नाही, बारीक मुलींनाही होतं. वजन जास्त असेल तर 5 ते 10 टक्के कमी झालं तरी फरक पडतो, पण म्हणून सारखं तिच्या ताटाकडे बघत बसू नका. इन्स्टावर पावडरी विकतात, मुळापासून बरं करतो म्हणे, असं कायमचं घालवणारं औषध नाहीये, आटोक्यात मात्र ठेवता येतं. नुसत्या सोनोग्राफीवरही जाऊ नका, पाळी सुरू झाल्यापासून 8 वर्षं होईपर्यंत निदानासाठी ती करू नये असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईनमध्येच आहे. थायरॉईड बघायला लागतं, ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघायला लागते.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला फेस पॅक छापता, माझाच धंदा आहे तो, तक्रार नाही. पण त्याच पानावर एवढी चौकट टाका की पाळी सुरू होऊन वर्ष उलटलं असेल आणि 90 दिवस आली नाही, तर लग्नाची वाट न बघता डॉक्टरकडे जा.

– एक पार्लरवाली, सांगली