परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र : गाडी घेतली, चार्ज कुठे करू तेवढं सांगा

मा. परिवहन मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रिक कारवाल्याला स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा हक्क देणारा नियम लवकरच आणतोय, असं आपण सभागृहात सांगितलं होतंत. त्या भरवशावर मी गाडी घेतली. गेल्या आठवड्यात आमच्या कमिटीने माझ्या चार्जरची लाईन काढून टाकली, कारण काय तर आगीचा धोका. आपल्या खात्याला विचारलं तर उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. बरं. आमची गाडीपण सध्या विचाराधीनच उभी आहे, बॅटरी संपलेली.

आपण भाषणात नेहमी म्हणता की इलेक्ट्रिक कारचा फायदा लांब पल्ल्याचा आहे, म्हणजे वर्षानुवर्षं हळूहळू मिळणारा. एकदम मान्य. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातला जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, बाकी सगळा उष्णता होऊन जातो. इलेक्ट्रिकमध्ये बॅटरीतली ८० टक्क्यांहून जास्त वीज चाकाला मिळते, वर ब्रेक मारताना थोडी परतही येते. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, ब्रेक पॅड कितीतरी जास्त टिकतात. (टायर मात्र लवकर झिजतात, गाडी वजनदार असते ना, हे कोणी भाषणात सांगत नाही.) म्हणजे घेताना जास्त मोजायचे आणि मग आठ-दहा वर्षं रोज थोडं थोडं वसूल करत राहायचं, असा सगळा हिशेब आहे.

पण साहेब, हा हिशेब उभा आहे घरच्या प्लगवर! रात्री गाडी लावली, घरच्या दराने हळूहळू चार्ज झाली, सकाळी निघालो. तो प्लग गेला की रस्त्यावरचे फास्ट चार्जर, म्हणजे घरापेक्षा कितीतरी महाग वीज, तिथे आधीच लागलेली रांग, आणि त्यातही एखादं मशीन बंद. नुसत्या फास्ट चार्जिंगवर वर्षानुवर्षं गाडी चालवली तर बॅटरीवरही जास्त ताण येतो. आता मी ऑफिसातून थेट चार्जरच्या रांगेत जातो आणि रात्री जेवणाच्या वेळेनंतर घरी पोचतो, मुलगी झोपलेली असते, बायको म्हणते विकून टाक ती गाडी. विकायला गेलो तर घेणारा पहिलं विचारतो बॅटरी किती उरलीय, आणि त्यावर सगळ्यांनी मानावं असं सर्टिफिकेट कोण देणार याचा पत्ता नाही, म्हणून तो भाव पाडून मागतो. झाला लांब पल्ल्याचा फायदा.

आता आगीचं. स्वीडनच्या सरकारी यंत्रणेने २०२२ सालचा हिशेब दिला होता, इलेक्ट्रिक कारच्या आगी २३, आणि पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या तीन हजारांवर. इलेक्ट्रिक गाड्या तिथेही कमी आहेत हे मला कळतं, पण गाड्यांच्या संख्येने भागलं तरी इलेक्ट्रिकचंच प्रमाण कितीतरी कमी निघतं. लागली तर विझवायला अवघड, हे खरं आहे, म्हणून वायरिंग नीट करा, तपासा, सर्टिफाइड माणसाकडूनच बसवून घ्या, मी कुठे नाही म्हणतोय? पण त्याच पार्किंगमध्ये पन्नास गाड्या पेट्रोलच्या टाक्या भरून उभ्या असतात त्यांना कमिटी काही विचारत नाही.

नॉर्वेत फ्लॅटवाल्याला चार्जर बसवायचा हक्क कायद्याने आहे, सोसायटीला नकार द्यायचा तर सबळ कारण लागतं. करसवलती तर तिथे १९९० च्या दशकापासून सुरू झाल्या. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर १०० नव्या कारपैकी जवळपास ८९ पूर्ण इलेक्ट्रिक होत्या. सर्टिफिकेटचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर २०२२ मध्येच बॅटरीचा नियम ठरलाय, पाच वर्षं किंवा १ लाख किमीनंतर किमान ८० टक्के क्षमता, आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीनंतर ७० टक्के. म्हणजे मोजायचं कसं यावर विचार झालेला आहे, आपण नुसतं उचलायचंय. पण उचलणार कोण? साध्या चार्जरचंच बघा, कमिटी म्हणते वीज कंपनीची परवानगी आणा, वीज कंपनी म्हणते कमिटीचं पत्र आणा, अग्निशमनवाले म्हणतात आमच्याकडे असा फॉर्मच नाही, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस मला खुर्ची न देता सांगतो की धोरण चांगलं आहे.

कधीकधी वाटतं हे मुद्दामच चाललंय. पेट्रोल-डिझेलवरच्या करातून तिजोरी भरते, मी रात्री घरी चार्जिंग केलं की त्यातलं तेवढं कमी होणार, मग घाई कशाला करायची? सवलतीची घोषणा करताना फोटो असतो, नियम लिहिताना नसतो. सगळी व्यवस्थाच अशी झालीय, लोकांना पुढे ढकलायचं आणि मागून शिडी काढून घ्यायची, मग ती गाडी असो, छतावरचं सोलर असो नाहीतर आणखी काही. उद्या हायड्रोजन आणाल, त्याचंही उद्घाटन होईल.

मला सबसिडी नकोय. कमिटीने ३० दिवसांत लेखी तांत्रिक कारण दिलं नाही तर परवानगी मिळाली असं समजावं, खर्च गाडीवाल्याचा, मीटर वेगळा, एवढं एका पानात बसतं. पान आपल्याकडे नसेल तर मी पाठवतो, टाइप करून, सहीची जागा सोडून.

आपला,
रांगेत उभा असलेला एक करदाता