पाचचं पेन सध्या फ्रिजमध्येच राहू द्या

पुणे,
१७ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल रात्री तुम्ही फोनवर म्हणालात, "वजन उतरवायच्या मौंजारोची चार इंजेक्शनं झाली, दोन किलोसुद्धा उतरलं नाही. पाच मिलिग्रॅमचं पेन आणून ठेवलंय, पण मी म्हणतो सरळ साडेसातच सुरू करू. गुडघ्याचं ऑपरेशन किती दिवस लांबवायचं?" मी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि रात्रभर जागा राहिलो. फोनवर आपलं बोलणं कधी पुरं होत नाही. म्हणून पहाटे उठून लिहायला बसलोय. शेजारचे उद्या कराडला येणार आहेत, त्यांच्या हाती पत्र देतो.

एक गोष्ट तुम्ही काल सांगितली नाहीत. ती मला आईने सांगितली. तिच्यावर रागावू नका, ती घाबरली होती. परवा महाशिवरात्रीला तुम्ही सकाळी इंजेक्शन घेतलंत, शुगरची गोळीही नेहमीसारखी घेतलीत आणि दिवसभर पोटात काय, तर भगरीचे चार घास. दुपारी चारला हात थरथरायला लागले, बनियन घामाने भिजला. आईने साखरेचं पाणी पाजलं. मशीनवर आकडा आला ६२. आणि थोडं बरं वाटल्याबरोबर तुम्ही तिला बजावलंत, "डॉक्टरांना सांगू नकोस, नाहीतर ते डोस वाढवायचे नाहीत."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण गेल्या ऑगस्टमध्ये अगदी हेच मी स्वतःला बजावलं होतं.

गेल्या वर्षी गौरींना मी आलो नाही. ऑफिसचं काम निघालं असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. खरं काय झालं ते आज सांगतो.

मी २९ जूनला तुमचंच हे औषध, म्हणजे मौंजारोतलं टिर्झेपेटाइड, सुरू केलं. तेव्हा आपल्याकडे पेन आलं नव्हतं, मौंजारोची छोटी बाटली मिळायची आणि सिरिंजने ओढून घ्यावं लागायचं. २.५ ची बाटली साडेतीन हजारांना, दर आठवड्याला एक. तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण आई म्हणाली असती, "जेवण कमी कर, सुई कशाला?" आणि माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पहिले चार आठवडे छान गेले. मग ५ सुरू झालं आणि त्रास व्हायला लागला. दुपारच्या जेवणानंतर मळमळ, रात्री आंबट ढेकर, दोनदा उलटी. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "कसं वाटतंय? वाढवायचं का?" मी म्हणालो, "एकदम मस्त." वजनाचा काटा उतरत होता आणि मला तो आणखी भराभर उतरायला हवा होता. डॉक्टरांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि ७.५ लिहून दिलं. चूक सगळी माझी.

२४ ऑगस्टला ७.५ चं पहिलं इंजेक्शन घेतलं. तो आठवडा कसाबसा निघाला. ३१ तारखेला सकाळी दुसरं घेतलं. बॅग भरलेली होती, दुपारच्या एसटीने निघणार होतो. दोन वाजता उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा ठरेना. लघवी जवळजवळ थांबली, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. रात्री मित्राने रिक्षात घालून जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं आणि सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आई, तू गौरीच्या नैवेद्याचा फोटो पाठवलास. केळीचं पान, पुरणपोळी, सोळा भाज्यांची वाटी, कटाची आमटी. तुझ्या हातच्या त्या पानाकडे मला बघवेना. फोन उपडा करून उशाशी ठेवला. एका हातात सलाइन होतं, दुसऱ्या हाताने तुला टाइप केलं, "छान झालंय. काम चालू आहे." तो मेसेज आजही फोनमध्ये आहे आणि मला तो वाचवत नाही.

एकदा सांगितलं असतं की पाचवरच मळमळतंय, तर डॉक्टरांनी मला आणखी चार आठवडे तिथेच ठेवलं असतं. एवढंच. मी गौरीला घरी असतो.

आता डोस पायरीपायरीने का वाढवतात ते, बाबा, तुम्हाला तुमच्याच कामातल्या गोष्टीवरून सांगतो. पाटबंधारे खात्यात तुमची इतकी वर्षं कोयनेवर गेली. धरण भरत आलं म्हणून सहाच्या सहा दरवाजे तुम्ही कधी एकदम वर उचललेत का? आधी भोंगा, नदीकाठच्या गावांना इशारा, मग दरवाजे फुटा-दीड फुटाने. मग थांबायचं, खाली कराडच्या पुलाशी पाणी किती चढतंय ते बघायचं, मग पुढचा फूट. पावसाळ्यात तुम्ही रात्र-रात्र घरी यायचा नाहीत ते त्यासाठीच. या औषधाने पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, भूक मेंदूतूनच शांत होते. आतड्यांना आणि मेंदूला याची सवय व्हायला वेळ लागतो. सवय व्हायच्या आत जास्त सोडलं की मळमळ, उलट्या, जुलाब नाहीतर घट्ट बद्धकोष्ठ.

दुसरी गोष्ट मला सलाइन लागल्यावर समजली. हे औषध शरीरातून निम्मं जायला साधारण पाच दिवस लागतात. म्हणजे पुढच्या रविवारी तुम्ही सुई टोचता तेव्हा आधीच्या डोसचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग अंगात शिल्लक असतो. नवा डोस त्यावर चढतो. असं चढत चढत पातळी स्थिर व्हायला चारेक आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही म्हणजे तो डोस मानवला, असं म्हणता येत नाही. मी दुसऱ्या आठवड्यात पडलो, तो यामुळेच. प्रत्येक पायरीवर कमीत कमी चार आठवडे थांबायला सांगतात, त्याचं कारण हे आहे. आणि ते कमीत कमी आहे बरं का. आठ आठवडे, बारा आठवडे थांबलं तरी काही बिघडत नाही.

२.५ हा तर वजन उतरवायचा डोस नाहीच. तो शरीराला ओळख करून देण्यापुरता असतो. त्यावर तुमचं पावणेदोन किलो उतरलं, ते माझ्या मते चांगलंच आहे. पुढे ५, मग ७.५, १०, १२.५ आणि शेवटी १५. पण पंधरापर्यंत गेलंच पाहिजे असा नियम नाही. २०२२ साली या औषधाची जी मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात नुसत्या ५ वर राहिलेल्यांचं वजन ७२ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरलं, १५ वाल्यांचं जवळपास २१ टक्के. म्हणजे डोस तिप्पट, पण फरक तिप्पट नाही. त्या घटनेनंतर डॉक्टरांनी माझं एका आठवड्याचं इंजेक्शन सोडायला लावलं, मला परत ५ वर आणलं, आणि मी आजतागायत ५ वरच आहे. १०४ चा ९१ झालोय. दोन मजले चढून आलो तरी आता धाप लागत नाही.

सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येतात ते मित्र १० वर आहेत आणि त्यांचं अकरा किलो उतरलं, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत. त्यांना मधुमेह नाही, बाबा. मधुमेह असलेल्यांचं वजन याच औषधाने तुलनेने कमी उतरतं. त्यांच्या वेगळ्या चाचणीत ७२ आठवड्यांनी १० वर सुमारे १३ आणि १५ वर सुमारे १५ टक्के उतरलं होतं. तुम्ही कुठेही कमी पडत नाही. त्या मित्रांच्या काट्याशी तुमच्या काट्याची तुलना करू नका.

आणि तुमची शुगरची गोळी. हे इंजेक्शन एकट्याने साखर सहसा धोक्याइतकी खाली नेत नाही. पण ग्लिमेपिराइडबरोबर घेतलं तर नेऊ शकतं, म्हणूनच डॉक्टरांनी जानेवारीत तुमची ती गोळी निम्मी केली. ७० च्या खाली म्हणजे साखर कमी झाली. ६२ हा आकडा डॉक्टरांना कळलाच पाहिजे. कदाचित ते गोळी बंद करतील, कदाचित २.५ च आणखी महिनाभर ठेवतील. ते त्यांनी ठरवायचं. पण त्यांच्यापुढे खरा आकडा नसेल तर ते काय ठरवणार? पुढच्या आठवड्यात एकादशी येतेय. त्या दिवशी गोळीचं काय करायचं, उपवास करायचा की नाही, तेही आत्ताच विचारून घेऊ. पांडुरंग तुमच्यावर रागावणार नाही.

आई, आता तुझ्यासाठी. तू म्हणालीस, "हे पानात टाकतात. माझ्या हाताला चव राहिली नाही का?" तुझ्या हाताची चव जशीच्या तशी आहे गं. त्यांचं पोट लवकर भरतं आणि पुढचे तीन-चार तास भरलेलंच राहतं. मलाही तसंच होतं. पानात टाकायचं नाही ही तू लावलेली सवय, त्यामुळे भूक नसताना मी नेटाने संपवायचो आणि मग ओकायचो. तू त्यांना आधीच कमी वाढ. अर्धी भाकरी, छोट्या वाटीत भात. आणि सुरुवात उसळीने, नाहीतर अंड्याने किंवा पनीरने करू दे. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि अडुसष्टाव्या वर्षी झिजलेला स्नायू परत कमावणं फार अवघड. गुडघा बदलला तरी त्याला धरून ठेवायला मांडीत ताकद हवी. रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा-दहा वेळा. तूच मोज. पाणी थोडंथोडं करून दिवसभर. तळलेलं आणि तेलकट इंजेक्शनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तरी नको.

पेनचंही सांगून ठेवतो. चार आठवड्यांचे चार डोस झाले की आत थोडं औषध शिल्लक दिसतं. बाबा, तुम्ही विचारलंत, "ते सिरिंजने ओढून घेतलं तर?" नाही. ते मोजून उरलेलं नसतं, किती भरलं ते कळायचा मार्ग नाही. एवढ्या महागाचं औषध टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे, पण ते पेन टाकायचंच. सुई दर वेळी नवी. जागा दर वेळी बदलायची, एकदा पोटाची डावी बाजू, एकदा उजवी, एकदा मांडी. बटण पूर्ण दाबल्यावर सावकाश पाच म्हणेपर्यंत सुई आतच ठेवायची. पहिल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही लगेच बाहेर काढली होतीत आणि पोटावर थेंब चमकला होता, आठवतंय? आणि आई, आपल्या जुन्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली पेन ठेवू नकोस, दाराच्या बाजूला ठेव. गोठलं की ते कामाचं राहत नाही.

एखादा रविवार चुकला तर चार दिवसांपर्यंत घेता येतं. त्याहून उशीर झाला तर तो डोस सोडायचा, पुढच्या रविवारी नेहमीचा एकच घ्यायचा. दोन एकदम कधीही नाहीत. पोटात जोराची कळ येऊन पाठीत गेली आणि थांबेना, तर माझ्या फोनची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. स्वादुपिंडाला सूज आल्याचं ते लक्षण असू शकतं. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहिलीय, तीही या महिन्यात करून टाकू, कारण साखर झपाट्याने उतरते तेव्हा मधुमेहाने आधीच दुखावलेला पडदा कधीकधी आणखी बिघडतो. आणि गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरेल तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनबद्दल आपण स्वतःहून सांगायचं. उपाशी असूनही कधीकधी पोट रिकामं झालेलं नसतं, हे त्यांना आधी माहीत असावं लागतं.

बाबा, तुम्हाला परत आपल्या पायांनी प्रीतिसंगमावर फिरायला जायचंय, कुणाच्या आधाराशिवाय. मलाही तेच हवंय. पण त्यासाठी तुम्ही त्रास गिळून वर चढावं हे मला मान्य नाही. परवाचा तो घाम आई एकटी पुसत होती आणि मी इथे दीडशे किलोमीटरवर होतो. हे माझ्या मनातून जात नाही.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो. डॉक्टरांची साडेबाराची वेळ घेतली आहे, तिघेही जाऊ. शुगरची वही बरोबर घ्या आणि १५ तारखेच्या रकान्यात ६२ लिहून ठेवा, दुपारी चार वाजता, निळ्या पेनने, तुमच्या नेहमीच्या ठळक अक्षरात. माझ्या गौरीच्या वेळचे कागद मी आणतो, तेही त्यांना दाखवू. रविवारी कोणतं पेन उघडायचं ते त्यानंतर.

आई, शनिवारी मेथीची भाजी कर. माझ्यासाठी एकच भाकरी टाक, ती मी पूर्ण खाईन.

तुमचा,
नंदू