कॉप्टिक नक्षी भरलेली नव्हे, विणलेली

महोदय,

रविवारच्या पुरवणीत इजिप्तमधल्या कॉप्टिक (तिथल्या ख्रिस्ती समाजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) वस्त्रांवर लेख आला, हे छानच. मात्र त्यात नक्षीला सरसकट 'भरतकाम' म्हटले आहे आणि द्राक्षवेल दिसली की ती ख्रिस्ती खूण मानली आहे. दोन्ही दुरुस्त व्हायला हवे.

साधारण चौथ्या ते सातव्या शतकातल्या अंगरख्यांवरचे उभे पट्टे, खांद्यांवरची आणि गुडघ्यांजवळची वर्तुळे-चौकोन बहुतांशी मागावरच होत. पैठणीच्या पदरासारखेच हे काम: प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपल्या जागेपुरता जातो नि परततो. नक्षीच्या जागी लिननचे ताणे (उभे धागे) दोन-दोन, तीन-तीन एकत्र धरत आणि लोकरीचा बाणा इतका ठोकत की ताणा झाकून जाई. लोकर अशासाठी, की तुरटी दिल्यावर ती मंजिष्ठेचा रंग छान धरते. लिनन तसे धरत नाही. जांभळा रंगही बहुधा समुद्री शंखांपासून काढलेला नसे, निळीवर मंजिष्ठ चढवलेला असे.

शंका असेल तर किडीने लोकर खाल्लेली जागा पाहावी. तिथे नुसते जोडताणे उघडे पडलेले दिसतात. भरतकाम असते तर खाली अखंड कापड आणि सुईची भोके सापडली असती. फसगत होते ती जांभळ्यावरच्या बारीक पांढऱ्या रेषांमुळे. डोळे, पानांच्या शिरा, गाठींची जाळी यांसाठी विणता विणताच एक जादा लिननचा धागा वरून फिरवत. विणकामाची आणखी एक खूण म्हणजे दोन रंगांच्या उभ्या सीमेवर फट राहते. पैठणीत बाणे एकमेकांत अडकवतात, म्हणून ती राहत नाही.

आता अर्थाकडे. कलशातून निघालेली द्राक्षवेल, ससे, नर्तकी, नाईलमधले मासे-बदके, ग्रीक मद्यदेव डायोनिससचे सोबती हे सारे ग्रीक-रोमन घरांतले जुने अलंकरण. ख्रिस्ती लोकही ते बिनदिक्कत अंगावर घालत. क्रूस, बायबलमधल्या योसेफाच्या गोष्टीची चित्रे असलेली वर्तुळे असतील तिथे धर्म स्पष्ट आहे. इ.स. 400च्या सुमारास आशिया मायनरमधल्या अमासियाचा बिशप अस्तेरियस याने शुभवर्तमानातले (येशूच्या चरित्रातले) प्रसंग कपड्यांवर मिरवणाऱ्या श्रीमंतांची खिल्लीही उडवली होती. नुसत्या वेलीवरून मात्र काही ठरत नाही. त्यात इजिप्तमधल्या अखमीमसारख्या ठिकाणच्या थडग्यांतली वस्त्रे व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात कापून फक्त नक्षीचे तुकडे विकले. कोणते वर्तुळ कोणत्या अंगरख्याचे, हे त्यामुळे पुष्कळदा कळतच नाही.

पुढच्या भागात एखाद्या तुकड्याच्या उलट्या बाजूचे छायाचित्र छापता आले तर पाहावे.

— दोन वस्त्रअभ्यासक, पुणे