सातबारावरचं रान आणि पेरलेलं रान

भाऊ, सप्रेम नमस्कार.

दिवाळीला तुम्ही गावी आलात तेव्हा आमच्या जिनिंगचा काटा रोज संध्याकाळी अडायचा. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या, अन् काटापट्टी निघायला पाच-पाच मिनिटं. काट्याच्या लिनक्स कॉम्प्युटरमध्ये रॅम (चालू कामाची मेमरी) 4 जीबी. ‘टॉप’ ही कमांड लावली की आठ प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, दिसायच्या, प्रत्येकीपुढे व्हर्ट (VIRT) हा मेमरीचा आकडा 2 जीबीच्या वर. मी नवीन रॅमचं कोटेशनही मागवलं होतं.

तुम्ही ते थांबवलं. म्हणालात, व्हर्ट म्हणजे सातबारावरचं रान. नावावर बारा एकर असलं तरी पेरलं किती ते बघ. पेरलेलं म्हणजे रेस (RES) हा रकाना, ‘पीएस’ या दुसऱ्या कमांडमध्ये त्यालाच आरएसएस (RSS) म्हणतात. प्रोसेसच्या मेमरीची जी पानं, म्हणजे तुकडे, खरोखर रॅममध्ये बसली आहेत तेवढीच त्यात मोजतात. प्रत्येकीचा तो आकडा होता 380 एमबी. मी आठांची बेरीज केली, तीन जीबी झाली, अन् पुन्हा घाबरलो.

तेव्हा तुम्ही सामाईक विहिरीचं सांगितलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. विहीर एकच, पण आठही भावांच्या सातबारावर तिची नोंद. 380 पैकी 300 एमबी अशी सामाईक होती. आठ वेळा मोजली म्हणून बेरीज फुगली. आठांचे स्वतःचे 80-80 अन् सामाईक 300 एकदाच, म्हणजे खरा खर्च 940 एमबीच. प्रत्येकाचा वाटा हवा असेल तर पीएसएस (PSS), म्हणजे सामाईक मेमरी वाटून धरलेला आकडा, बघायचा. तो ‘/प्रॉक’ (/proc) फोल्डरमध्ये प्रोसेसच्या नंबराखाली ‘स्मॅप्स_रोलअप’ (smaps_rollup) फाईलमध्ये मिळतो. लिनक्सच्या कर्नल (गाभा) 4.14 पासून ही फाईल आहे. प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर ‘सुडो’ (sudo), म्हणजे मुख्य युजरचे हक्क, लागतं.

मग नववी प्रोसेस सापडली, पट्टी छापणारी. यादीत खाली असल्यानं माझं तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. सकाळी 120 एमबी, संध्याकाळी 1.6 जीबी. घेतलेली मेमरी ती सोडतच नव्हती. ‘/प्रॉक’मधल्या तिच्या ‘स्टेटस’ फाईलमधला व्हीएमस्वॅपचा (VmSwap) आकडाही वाढत होता, म्हणजे तिची मेमरी रॅममधून संथ डिस्कवर ढकलली जात होती. काटा तिथंच अडत होता.

आता जेवणाच्या सुट्टीत ती प्रोसेस बंद करून पुन्हा चालू करतो. प्रोग्राम बनवणाऱ्यांना तासातासाचे आकडे लिहून पाठवले, त्यांनी चूक मान्य केली. दुरुस्ती यायची आहे.

सुट्टीचे तीन दिवस तुम्ही त्या धुळीच्या खोलीत बसून काढले, घरी आई वाट बघत होती. तिचीही मी माफी मागितली आहे. काल शेवटची गाडी दिवस मावळायच्या आत मोजून झाली. शेतकरी उजेडात घरी गेले.

तुमचा,
काट्यावरचा ऑपरेटर